आमच्यानंतरची रंगीत तालीम

कोणाकडे काही मागायचं असलं की माझं वाक्य अर्ध्यावर येऊन थांबतं. उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्यावं, अशी माझी जन्मभराची अपेक्षा. छापखान्यात प्रुफं तपासायची नोकरी केली, तिथं हे खपून गेलं. तिथली वाक्यं दुसऱ्यांची असत आणि पुरी असत. माझ्या वाट्याला फक्त स्वल्पविराम येत. पण चार घरी जाऊन 'आमच्या मुलीसाठी तुमची मदत हवी आहे' एवढंच म्हणायची वेळ आली, तेव्हा कळलं की पूर्णविरामापर्यंत पोचायला छाती लागते. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. जे काही बरं झालं तेही त्यातूनच झालं असावं, पण त्याबद्दल माझी खात्री नाही. माझी कशाबद्दलच नसते.

आमची मुलगी चाळिशी ओलांडलेली आहे. तिची समज जन्मापासून हळू चालते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती बोलते मोजकं, एका वेळी एक-दोन शब्द. तिचं सगळं आम्ही दोघं बघतो. म्हणजे ही बघते आणि मी हिला 'बघितलंस का' असं विचारतो. मध्यंतरी ही मोरीत घसरली, खुब्याला मार बसला आणि हातात काठी आली. त्या काठीबरोबर घरात एक प्रश्नही आला. आम्ही तो कधीच उच्चारला नाही. तो नुसता काठीशेजारी कोपऱ्यात उभा असायचा.

प्रश्न उच्चारला माझ्या मेहुण्यानं, तोही फोनवर, मोठ्या आवाजात. "भावजी, तुमच्यानंतर तिचं काय? गावाबाहेर वसतिगृह आहे, तिथं एक जागा रिकामी होतेय. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचंय. उत्तम सोय आहे. चांगली उंच भिंत आहे!"

भिंत ही सोय कोणाची, हे मला विचारायचं होतं. मी म्हणालो, "भिंत म्हणजे..." आणि थांबलो. "दगडी," मेहुणा म्हणाला.

हिनं मात्र दवाखान्यात कोणाकडून तरी ऐकलं होतं, की आपल्याच वस्तीत एक मदतकेंद्र आहे. अशा मुलांच्या, म्हणजे अशा मोठ्या झालेल्या मुलांच्या घरच्यांना पुढची आखणी करायला ते मदत करतं. त्यासाठी आधी सरकारी कचेरीतून एक शिफारसपत्र लागतं. मला कचेऱ्यांचा फार आदर वाटतो. इतकी माणसं, इतके कागद, आणि तरी संध्याकाळी सगळं जागच्या जागी असतं. मी दबकत खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, "कुटुंबासाठी ते नियोजनाचं..."

खिडकीतल्या माणसानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग मागे काठी टेकून उभ्या असलेल्या हिच्याकडे बघितलं. "आजोबा," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "आता?"

आणि त्यानं आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथं भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं होती आणि बाकावर नवी जोडपी बसली होती. त्यांनी भराभर उठून जागा दिली. "सुनेबरोबर आलात का?" एका मुलीनं हिला विचारलं. "नाही गं, आमचंच काम आहे," ही म्हणाली. त्यानंतर तो अख्खा बाक भिंतीवरची बाळं निरखू लागला.

योग्य खिडकी सापडल्यावर कळलं की मुलीच्या अपंगत्वाच्या दाखल्याची मुदत संपलेली आहे.

"मुदत संपली की माणूस बरा होतो का हो?" हिनं विचारलं.

"कागदावर होतो," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "नवा दाखला आणेपर्यंत तुमची मुलगी ठणठणीत आहे."

घरी येऊन आम्ही मुलीला ही बातमी दिली. तिला त्यात फारसं काही वाटलं नाही.

नवा दाखला मिळाला, शिफारसपत्र मिळालं, आणि एके दिवशी केंद्रातल्या बाई घरी आल्या. मी त्यांना मनात नियोजनबाई म्हणतो. ठेंगणी, सावळी, काखोटीला कागदाची एक मोठी गुंडाळी. मी हातात माझं बाड घेऊन तयार होतो. मुलीबद्दल सगळं मी लिहून काढलं होतं: तिला काय आवडतं, काय चावतं, कशाची भीती वाटते, प्रकरणं, तळटिपा, शेवटी सूची. छापखान्यात असताना याहून नीटनेटकं काही माझ्या हातून गेलं नव्हतं. बाईंनी ते हातात घेतलं, पहिली दोन पानं मनापासून वाचली आणि हळूच टेबलावर ठेवलं.

"फार छान आहे, काका. पण हे रात्री उठून तिला पाणी देणार का?"

मी म्हणालो, "तसं नाही, पण..."

"आपल्याला माणसं लागतील." मग त्या मुलीकडे वळल्या. "तुला घरात काय म्हणतात?"

"छकुली," आम्ही दोघं म्हणालो.

"मी तिला विचारलं. तुला काय म्हटलेलं आवडेल?"

मुलगी खुर्चीत सरळ झाली. तिनं बाईंना नीट न्याहाळलं. "मॅडम," ती म्हणाली.

मी थक्क झालो. हा शब्द तिच्याजवळ होता हेच मला माहीत नव्हतं. सूचीत तो नव्हता. बाईंनी पापणीही न हलवता सांगितलं, "ठीक आहे, मॅडम," आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक मॅडम राहतात.

केंद्राची पद्धत अशी होती. नात्यातले नसलेले पाच जण हवेत. त्यांनी मॅडमच्या आयुष्यातला एकेक वाटा उचलायचा. कोण हवं आणि कोण नको, ते मॅडमनं ठरवायचं. पाच जण जमले आणि ते खरंच उभे राहतात असं दिसलं, तर केंद्र रोज एक मदतनीस पाठवेल, लक्ष ठेवेल, आणि आमच्यानंतरही मॅडम याच घरात राहील. नाही जमले, तर वसतिगृह. म्हणजे भिंत.

"पाच म्हणजे काही फार नाहीत," बाई जाताना म्हणाल्या.

त्यांना काय कल्पना! मी ओळखतो अशी पाच माणसं काढायची तर त्यातली निम्मी पुस्तकांत निघाली असती.

पहिल्यांदा औषधवाल्यांकडे गेलो, कारण त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये काच असते. काचेतून बोलायला मला बरं पडतं. म्हणालो, "रविवारी दुपारी घरी याल का? आमच्यानंतर... म्हणजे मी नसताना..."

त्यांनी चष्मा काढला. "रिपोर्ट आले?"

"कसले?"

"बरं, नका सांगू." त्यांनी काचेच्या खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला. "येतो. धीर सोडू नका."

मी धीर न सोडता तळमजल्यावर गेलो. तिथं जागांची दलाली करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्यापुढे माझं वाक्य 'आमच्यानंतर या घराचं...' इथं थांबलं. "समजलो!" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "बाहेर अवाक्षर काढू नका. मोजपट्टी घेऊनच येतो."

कोपऱ्यावरच्या शिवणबाईंकडे मी 'मुलीचं पुढचं काहीतरी ठरवायचंय, तेव्हा...' एवढं म्हणालो. त्यांच्या हातातली कात्री खाली पडली. "आत्ता सुचतंय होय तुम्हाला?" त्यांनी मला झापलं. "पण असू दे. माझ्या डोक्यात एकजण आहे." हे किती सोपं झालं, या आनंदात मी घरी आलो. त्यांच्या डोक्यातला एकजण कशासाठी आहे, हे विचारायचं सुचलं नाही.

चौथे आमचे प्राध्यापक, माझे एकमेव मित्र. त्यांना म्हणालो, "इतकी वर्षं जे मनात होतं, ते आता चार माणसांसमोर..." त्यांनी उठून मला मिठीच मारली. "अखेर लिहून झालं तर! मी बोलेन. तासभर पुरे?"

"पाचवा कोण?" हिनं विचारलं.

"वरच्यांना सोडून कोणीही," मी म्हणालो.

वरचे म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे एकटे गृहस्थ. त्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या पुस्तकांच्या कपाटामागे झिरपतं, आणि रोज रात्री मी झोपायला टेकलो की वरून ठोकल्याचा आवाज येतो. आमचं भांडण तोंडी असं कधी झालं नाही. ते सगळं लेखी आहे. मी त्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवतो, ते माझ्या दाराखालून उत्तर सरकवतात. त्यांच्या चिठ्ठ्या मी शुद्धलेखन सुधारून परत पाठवतो. भांडणात कोण जिंकतंय ते सांगता येणार नाही, पण माझी बाजू ऱ्हस्व-दीर्घाच्या दृष्टीनं निर्दोष आहे.

रविवार उजाडला. औषधवाले आले ते फुलं घेऊन आणि आवाज खाली उतरवून. दारातच त्यांनी हिला बाजूला घेतलं. "त्यांना कल्पना आहे?" त्यांनी विचारलं. "त्यांना कशाचीच नसते," ही म्हणाली. औषधवाल्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात दलाल मोजपट्टी घेऊन आत घुसले आणि थेट माझ्या खाटेची लांबी-रुंदी घेऊ लागले.

"अहो, काय चाललंय काय?" औषधवाले कुजबुजले. "अजून बसलेत ते इथं!"

"बसू द्या की. मी त्यांच्या बाजूनं मोजतोय."

"माणुसकी म्हणून काही..."

"माणुसकी आहे म्हणूनच आधी मोजतोय. नंतर घाई होते."

मग शिवणबाई आल्या, ठेवणीतले कपडे घालून. त्यांच्यामागे कोट घातलेला एक माणूस होता. "हा माझा मावसभाऊ," त्या म्हणाल्या. "मुलगा अगदी सालस आहे." मुलगा साठीचा होता. तो दारापाशीच स्टुलावर बसला आणि कोणी काही विचारू नये म्हणून बिस्किट खाऊ लागला. त्याच्याबद्दल मला पहिल्या क्षणापासून आपुलकी वाटली.

प्राध्यापक खाकरून उभे राहिले. "आजच्या या प्रकाशनसमारंभाच्या निमित्तानं..." त्यांनी सुरुवात केली. खोलीतल्या प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघितलं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. इतकी माणसं माझ्या घरी कधी आली नव्हती आणि त्यातलं एकही योग्य कारणासाठी आलेलं नव्हतं. अशात दार ढकलून वरचे आत आले.

"खालचे! जिन्यात एवढ्या चपला? पाय कुठं ठेवू, डोक्यावर?"

"त्याबद्दल मी लेखी..." मी म्हणालो.

नियोजनबाई तोवर खुर्चीवर चढून भिंतीला तो मोठा कागद चिकटवत होत्या. त्या खाली उतरल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "या घरातले आईबाबा एक दिवस नसतील. मॅडमना याच घरात राहायचं आहे. त्यासाठी तुमच्यातले पाच जण लागतील."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. इतकं सरळ वाक्य मी आयुष्यात तपासलं नव्हतं. दलालांची मोजपट्टी कटकन आत गेली.

"म्हणजे घर विकायचं नाहीये?" ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही ठीक आहात?" औषधवाले म्हणाले, आणि मला वाटतं, फुलांकडे जरा विषादानं बघितलं.

"मग लग्न कुणाचंय?" शिवणबाई.

मी जमिनीत जायला तयार होतो. आता सगळे उठतील, नम्रपणे चहा संपवतील आणि जातील, हे मला दिसत होतं. भिंतही दिसत होती, दगडी. पण उठली ती मॅडम. ती दलालांसमोर जाऊन उभी राहिली.

"निळा टॉवेल," ती म्हणाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या इमारतीचे कपडे मागच्या अंगणात दोऱ्यांवर वाळतात आणि वारा सुटला की खाली पडतात. ते गोळा करून ज्याचे त्याला नेऊन द्यायचं काम मॅडमनं कधीतरी स्वतःकडे घेतलं. कुठलं कापड कोणाचं, हे तिला बघताच कळतं. काही कपडे असे असतात की ते मालकाला सर्वांदेखत परत करू नयेत, मॅडम करते. त्याबद्दल मी जिन्यात भेटेल त्याची वर्षानुवर्षं माफी मागत आलो होतो.

"हो की," दलाल म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला. "तो टॉवेल हिनं किती वेळा आणून दिला असेल. एकदा मी तापानं पडलो होतो, दार उघडेना, तर ही टॉवेल घेऊन दार बडवत बसली. शेवटी लोकांनी दार तोडलं." त्यांनी मोजपट्टी खिशात टाकली. "लिहा बाई. नळ, दिवे, कुलूप, भिंतीचा पोपडा, घराचं जे काही असेल ते माझ्याकडे."

"औषधं माझ्याकडे," औषधवाले घाईघाईनं म्हणाले, जणू कोणी आधी पळवेल. "आणि डॉक्टरकडे न्यायचं तेही."

"डॉक्टरकडे मी नेईन," शिवणबाई म्हणाल्या. "बायकांचं जे असतं ते पुरुषांनी कशाला? कपडे, अंघोळ, केस, ते सगळं माझं."

"मग मी नुसत्या गोळ्याच द्यायच्या?"

"द्या की. ते तरी नीट करा. मागच्या महिन्यात मला कसल्या दिल्यात ते माहितेय."

ती दोघं भांडायला लागली. मी आयुष्यभर लोकांना जबाबदारी टाळताना पाहिलं आहे, मी स्वतः त्यात बरा आहे. पण जबाबदारीसाठी माणसं एकमेकांवर ओरडतात हे दृश्य मला नवीन होतं. मी खुर्चीच्या कडेवर बसून ते बघत होतो.

शिवणबाईंनी मावसभावाला पुढं ढकललं. "आणि लग्नाचं म्हणशील, तर निदान बघून तरी घे."

मॅडमनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. त्यानं बिस्किट खाली ठेवलं.

"नको," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "चहा."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली! "चहाला चालेल," तो म्हणाला. त्या दुपारचं त्याचं हे पहिलंच वाक्य. "बुधवारी येऊ? बुधवारी मला काही नसतं." जरा थांबून तो म्हणाला, "खरं म्हणजे कुठल्याच वारी नसतं."

बाईंनी कागदावर लिहिलं: चहा, बुधवार.

"मी तिला रोज उत्तम साहित्य वाचून दाखवेन," प्राध्यापक म्हणाले.

"नको," मॅडम म्हणाली.

"का गं?"

"लांब."

बाईंनी तेही टिपलं. प्राध्यापकांचं बोलणं लांब असतं हे सबंध गाव जाणतं, पण ते त्यांना सांगायला आजवर कोणी धजलं नव्हतं. प्राध्यापक क्षणभर गोरेमोरे झाले आणि मग, मला हे अजून खरं वाटत नाही, मोठ्यानं हसले आणि खाली बसले. इतकं सोपं होतं ते.

"चार झाले," बाई म्हणाल्या. "पाचवा?"

मॅडम दारापाशी गेली आणि वरच्यांची बाही धरली. "हा."

"अगं, ते भांडायला आलेत," मी म्हणालो.

"हा."

"खालचे," वरचे म्हणाले, "मी इथं चपलांची तक्रार घेऊन आलो होतो, हे ध्यानात असू द्या." पण बाही त्यांनी सोडवून घेतली नाही. "मला काय जमणार? मी आपला रात्री वर असतो. ही तुमची मुलगी झोपताना कपडे वाळत घालायच्या काठीनं छताला दोनदा ठोकते. मग मी वरून दोनदा ठोकतो. नाही ठोकलं तर ती पुन्हा ठोकते. एकदा मी गावाला गेलो होतो, तर हिनं म्हणे रात्रभर... ते असू दे. मलाही आता त्याशिवाय झोप लागत नाही."

मी हिच्याकडे बघितलं. हिनं माझ्याकडे बघितलं. वरून येणाऱ्या त्या ठोकण्याबद्दल मी त्यांना किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील! खालचे ठोकेही मी वरच्यांच्याच नावावर धरत होतो. आणि त्या माणसानं एकाही उत्तरात मॅडमचं नाव घेतलं नव्हतं. प्रत्येक वेळी एवढंच लिहायचा: 'सवय आहे. चालू राहिल.' आणि मी 'राहिल'ची वेलांटी दीर्घ करून परत पाठवायचो.

बाईंनी पाचवं नाव लिहिलं. "आता तालीम," त्या म्हणाल्या.

कागदावर सगळेच शूर असतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून केंद्राची पद्धत अशी की एके दिवशी दुपारी आईबाबांनी दोन तास 'नसायचं'. फोन करायचा नाही, घ्यायचा नाही, वर यायचं नाही. पाच जणांनी आणि मॅडमनं सगळं निभवायचं. कोणी आम्हाला हाक मारली की तालीम फसली. मग वसतिगृहाला होकार कळवावा लागेल, कारण महिना संपतच आला होता.

"आम्ही त्या वेळात कुठं जायचं?" मी विचारलं.

"काका, ते गेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही," त्या म्हणाल्या.

कुठेही जायचं म्हटल्यावर आम्ही रस्ता ओलांडला आणि समोरच्या बागेतल्या बाकावर, झुडपाच्या आड बसलो. तिथून आमची गॅलरी स्वच्छ दिसते. बाई आमच्याशेजारी बसल्या. फोन त्यांनी आधीच काढून घेतले होते. आपल्या घराकडे आपण नसताना बघायचं, याचा मला विलक्षण धाक वाटला. पडदे तेच होते, कुंडी तीच होती. पण ते घर आता आमच्याकडून काही मागत नव्हतं.

ठरलेलं असं होतं की पाच जणांनी पाळीपाळीनं यायचं. पण बाकीचे येतील की नाही अशी प्रत्येकालाच धास्ती. चारच्या ठोक्याला पाचही जण एकाच वेळी जिना चढले. गॅलरीतून आवाज येऊ लागले. "ही गोळी आत्ता नाही!" "केस ओले आहेत, तिला वाऱ्यात नेऊ नका!" "या खिडकीची कडी कुणी काढली?" खुर्च्या सरकल्या. काहीतरी पडलं. मग एकदम शांतता झाली आणि इमारतीच्या दारातून एकेक करून पाचही जण बाहेर पडले आणि रस्त्यात उभे राहून वर बघू लागले.

"काय झालं?" ही उठली.

"काकू, तुम्ही नाही आहात," बाई म्हणाल्या.

दलालांना झुडपामागे आमची डोकी दिसली. ते तडक रस्ता ओलांडून आले. "अहो, तिनं आम्हाला बाहेर काढलं आणि आतून कडी घातली! मागच्या खिडकीतून आत कसं..."

"त्यांना विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. "ते गेले."

दलालांनी माझ्याकडे बघितलं. मी शक्य तितकं गेल्यासारखं दिसायचा प्रयत्न केला. "देव त्यांना शांती देवो," ते चिडून म्हणाले आणि परत फिरले.

मग शिवणबाईंचा आवाज आला. "अगं बाई! मी गॅसवर दूध ठेवलंय!"

आम्ही मॅडमला कधी गॅसजवळ जाऊ दिलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, असा नियमच होता. हिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. मी उठलो. दुसरी किल्ली कुठं असते ते मला माहीत होतं. एक वाक्य, अगदी अर्धंसुद्धा पुरलं असतं. वरचे जिन्याकडे धावले. रस्त्यावरून करपल्याचा वास आला. बाईंनी आमचे दोन्ही फोन छातीशी घट्ट धरले. मी तोंड उघडलं.

आणि गॅलरीचं दार उघडलं. मॅडम बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत फडकी होती आणि फडक्यांत पातेलं. तिनं ते कठड्यावरून खाली सगळ्यांना दाखवलं. आत काळं झालेलं होतं.

"उतू!" ती शिवणबाईंवर ओरडली. "गॅस बंद. मी."

ही खाली बसली. मीही बसलो. मला वाटतं, मी टाळी वाजवली असावी, कारण बाईंनी माझा हात धरून खाली केला.

"अगं, उघड ना दार," औषधवाले खालून विनवू लागले. "चुकलं आमचं."

मॅडमनं पातेलं ठेवलं. वरचेही तोवर जिन्यातून परत बाहेर आले होते. कठड्याला रेलून तिनं पाचही जणांना पाळीपाळीनं न्याहाळलं. मला वसतिगृहाच्या भिंतीएवढी उंच वाटली ती.

"एक-एक," ती म्हणाली.

तिनं बोट केलं. "तू." औषधवाले वर गेले. ते गोळी देऊन खाली आले. "तू." शिवणबाई गेल्या, आणि पातेलं घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग दलाल गेले, मग वरचे. प्रत्येकजण आपलं काम करून यायचा, निमूटपणे फुटपाथवर उभा राहायचा आणि दुसऱ्याला विचारायचा, "काय म्हणाली?" शेवटी मावसभावाची पाळी आली. बुधवार नव्हता, पण त्याला चहा मिळाला. तो खाली आला नाही. तालमीची वेळ संपेपर्यंत गॅलरीत दोन खुर्च्या आणि दोन कप होते, आणि दोघंही काही बोलत नव्हती. मी पाहिलेला हा सर्वांत सुखाचा चहा.

"दूध करपलं," मी बाईंना भीतभीत म्हणालो.

"तुम्ही असताना करपत नाही का?" त्यांनी फोन परत दिले. "मेहुण्यांना सांगा, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. आणि जा आता वर. तुम्ही आहात."

हिनं तिथंच बाकावरून भावाला फोन लावला. तो पलीकडून भिंतीबद्दल पुन्हा काहीतरी सांगत होता. "नको रे," ही म्हणाली, आणि ठेवला.

फुटपाथवरच्या चौघांनी आम्हाला वाट करून दिली. आम्ही जिना चढलो, ही काठी टेकत, मी मागे. स्वतःच्या घराची बेल मी कधी वाजवली नव्हती. तिचा आवाज इतका कर्कश आहे याची मला कल्पना नव्हती. दार थोडंसं उघडलं. फटीतून मॅडमनं आम्हाला बघितलं, आधी हिला, मग मला.

"आम्ही आलो," मी म्हणालो. पुरं वाक्य.

"एक-एक," मॅडम म्हणाली.

ही माझ्याकडे वळली. "तुम्ही जा आधी."

"छे, तू जा. तुझा पाय दुखत असेल."

"अहो, तुम्हीच जा, मी थांबते ना."

आमचं ते चाललेलं मॅडमनं थोडा वेळ ऐकलं. मग तिनं हात बाहेर काढला, आईचं मनगट धरलं, तिला सांभाळून आत घेतलं आणि दार लावलं.

मी जिन्यात उभा राहिलो. आतून हिचं हसणं ऐकू येत होतं. पुन्हा बेल वाजवावी असं वाटलं, बोट तिथवर गेलंही. पण बोलावल्याशिवाय वाजवायची नाही, एवढं आता मला कळत होतं.